तिसऱ्या दिवसाची कुदळ

आफ्रिका खंडात ५४ देश आहेत आणि सुमारे दोन हजार भाषा तेथे बोलल्या जातात. तथापि दिनदर्शिकांवर, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि जागतिक परिषदांच्या व्यासपीठांवर जी सुवचने या खंडाच्या नावाने फिरत असतात, त्यांच्याखाली ‘आफ्रिकन म्हण’ एवढे दोनच शब्द असतात. ‘युरोपियन म्हण’ असा शब्दप्रयोग सहसा कोणी करीत नाही; स्पॅनिश म्हण स्पॅनिश असते, रशियन म्हण रशियन असते. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र भाषा, गाव, प्रसंग, बोलणारा आणि ऐकणारा हे सारे गाळून जो अर्क उरतो तो ‘शहाणपण’ म्हणून बाटलीत भरला जातो. हे गाळणे निष्पाप नाही. ज्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकावयाचे नाही त्याची म्हण मात्र आवडीने सांगावयाची, अशी एक रीत यातून रूढ झाली आहे. तिची तपासणी होणे आवश्यक आहे.

या रीतीची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ‘जलद जायचे असेल तर एकट्याने जा, दूर जायचे असेल तर सर्वांसह जा’ हे वचन अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी डिसेंबर २००७ मध्ये ओस्लो येथे नोबेल शांतता पारितोषिक स्वीकारताना ‘आफ्रिकन म्हण’ म्हणून सांगितले. ती कोणत्या भाषेतील, हे सांगण्याची गरज वक्त्याला वाटली नाही आणि श्रोत्यांनाही विचारावेसे वाटले नाही. तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत हे वाक्य इतके रुळले आहे की, संघटना मोडून काढणारे मालकही कामगारांना ते ऐकवू शकतात.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ‘आफ्रिकेत म्हातारा माणूस मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळून जाते’ या आशयाचे वाक्य असंख्य ठिकाणी ‘आफ्रिकन म्हण’ म्हणून छापले गेले. वस्तुतः ही म्हण नाहीच. मालीचे विद्वान आमादू हाम्पाते बा यांनी १९६० साली युनेस्कोच्या व्यासपीठावर मौखिक परंपरांच्या जतनाची निकड पटविताना मांडलेला हा विचार होय. वसाहतवादाच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या देशांच्या वतीने, आमचा इतिहास लिहिलेला नाही म्हणून तो इतिहासच नव्हे असे समजू नका, असे एक विशिष्ट माणूस एका विशिष्ट संस्थेला बजावीत होता. ती एक मागणी होती. तीत निधीचा, माणसांचा आणि वेळेचा प्रश्न होता. तिची म्हण झाली आणि मागणी करणाऱ्याचे नाव गळून पडले. मागणीला उत्तर द्यावे लागते. म्हणीला नुसती मान डोलावली की पुरते.

तिसरे उदाहरण मुलांचे आहे. ‘एक मूल वाढवायला सारे गाव लागते’ हे वचन नेमक्या याच शब्दांत आफ्रिकेतील कोणत्या भाषेतून आले, ते आजवर निश्चितपणे दाखविता आलेले नाही. जवळची म्हण स्वाहिलीत आहे: ‘म्कोनो म्मोजा हाउलेई म्वाना’, म्हणजे एका हाताने मूल वाढत नाही. हिलरी क्लिंटन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे शीर्षक या ‘गावा’वरच बेतलेले होते. पुस्तकात मुलांविषयीच्या सामाजिक जबाबदारीचे समर्थन आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्या कायद्याने गरीब घरांतील मुलांसाठी १९३५ पासून चालत आलेली हक्काची रोख मदत संपुष्टात आणली आणि तिच्या जागी कालमर्यादेची व अटींची मदत आणली. गाव लागते हे वचन एका हाताने उचलावयाचे आणि गावाची तिजोरी दुसऱ्या हाताने बंद करावयाची, ही विसंगती केवळ एका कुटुंबाची नव्हे. राज्यसंस्था जबाबदारीतून अंग काढून घेते तेव्हा ‘गाव’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ शेजारची बाई, आजी आणि थोरली बहीण एवढाच उरतो. आणि त्यांच्या श्रमांचे मोल कोणी देत नाही.

म्हण म्हणजे युक्तिवाद

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, चांगले वचन कोणीही, कोठेही वापरावे. शहाणपणावर मालकी सांगणे हीच संकुचित वृत्ती नव्हे काय? आक्षेप वरवर उदार आहे. पण तो म्हणीचे स्वरूपच चुकीचे समजून घेतल्याने निर्माण होतो. ज्या समाजांत या म्हणी घडल्या, तेथे त्या भिंतीवर टांगण्याच्या वस्तू नव्हत्या. तंटा चालू असताना, सभा भरलेली असताना, कोणाला तरी अडविण्यासाठी किंवा सोडविण्यासाठी त्या उच्चारल्या जात.

योरुबा भाषेत म्हणीविषयीच एक म्हण आहे: म्हण हा बोलण्याचा घोडा आहे, बोलणे हरवले की म्हणीवर बसून त्याचा शोध घ्यावयाचा. घोडा हे येथे वाहन आहे. ते कोठून तरी निघते आणि कोठे तरी पोहोचते. वडीलधाऱ्यांच्या समोर तरुणाने म्हण वापरली तर त्याने आधी क्षमा मागावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला आणखी म्हणी सांगण्याइतके आयुष्य लाभो असे म्हणावे, असा योरुबा समाजाचा संकेत आहे. म्हणी सर्वांच्या असल्या तरी त्या बोलण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता, हे यावरून उघड होते. वय, पद आणि लिंग यांची उतरंड म्हणीच्या आधी सभेत येऊन बसलेली असे.

म्हणी परस्परांच्या विरोधात उभ्या राहतात, हेही विसरता कामा नये. ‘हराका हराका हाइना बराका’, घाईत बरकत नाही, ही स्वाहिली म्हण पर्यटकांसाठीच्या वस्तूंवरही छापलेली आढळते. तिच्याच भाषेत तिला खोडून काढणारी दुसरी म्हण आहे: ‘न्गोजा न्गोजा हुउमिझा मातुम्बो’, थांबा थांबा म्हटल्याने पोटात दुखते. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत आणि दोन्ही जुन्या आहेत. प्रश्न असा की, पहिली कोण कोणाला सांगतो आणि दुसरी कोण? ज्याचे कोठार भरलेले आहे त्याला घाई नसणे स्वाभाविक आहे. ज्याचे पोट रिकामे आहे त्याची म्हण मात्र जगाच्या बाजारात कोणी छापीत नाही. ‘आफ्रिकेचे शहाणपण’ म्हणून जो संग्रह जगापुढे मांडला जातो त्यात संयम, समाधान, एकोपा आणि धीर यांची रेलचेल असते. तक्रार, उपहास आणि धमकी यांच्या म्हणी शोधाव्या लागतात. ही निवड खंडाने केलेली नाही, ग्राहकाने केलेली आहे.

घानामधील अकान लोकांचे उदाहरण घ्यावे. राजाच्या दरबारात ‘ओक्येआमे’ हा प्रवक्ता असे. त्याच्या हातातील दंडावर सोन्याच्या पत्र्याने मढविलेली आकृती असे आणि त्या आकृतीत एक म्हण बोलत असे. मुठीत धरलेले अंडे ही त्यांतील प्रसिद्ध आकृती. सत्ता अंड्यासारखी असते. फार आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडून फुटते. हा राजाला दिलेला इशारा होता आणि तो राजाच्याच सभेत, सर्वांच्या समोर, सोन्यात मढवून उभा केलेला होता. ‘तिकोरो न्को आजिना’, एकटे डोके मसलतीला बसत नाही, ही त्याच लोकांची दुसरी म्हण. राज्यव्यवहारावर अंकुश ठेवणारी ही वचने होती. आज ती नेतृत्वविकासाच्या शिबिरांत सांगितली जातात, तेव्हा अंकुश हा त्यांतला मुद्दा उरत नाही.

याच असान्ते राज्याची राजधानी कुमासी १८७४ साली इंग्रज फौजेने लुटली व जाळली. राजवाड्यातील सोन्याच्या वस्तू लंडनला गेल्या, लिलावात विकल्या गेल्या, संग्रहालयांत मांडल्या गेल्या. १८९६ साली राजा प्रेम्पेह याला पकडून परागंदा करण्यात आले. दीडशे वर्षांनंतर, २०२४ साली, ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या दोन संस्थांनी ३२ वस्तू कुमासीच्या मान्ह्या राजवाड्यातील संग्रहालयाकडे पाठविल्या, त्या परत म्हणून नव्हे, तर मुदतीच्या उसनवारीवर. लुटलेली वस्तू लुटलेल्या घरालाच उसनी देण्याचा हा व्यवहार आहे. अकान म्हणी जगाने फुकट घेतल्या आणि अकान सोने मात्र करारनाम्यावर सही करून तात्पुरते मिळते. शहाणपणाच्या मुक्त देवाणघेवाणीची भाषा करणाऱ्यांनी ही देवाणघेवाण एकाच दिशेने का वाहते, याचे उत्तर द्यावयास हवे.

यजमानाच्या हाती कुदळ

म्हण कोणाच्या तोंडी आहे यावर तिचा अर्थ कसा फिरतो, हे पाहण्यासाठी टांझानियातील एक स्वाहिली म्हण विशेष उपयोगी आहे. ‘म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे.’ पाहुणा दोन दिवस पाहुणा. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. जेम्बे म्हणजे रुंद पात्याची हातकुदळ. नांगराविना होणारी पूर्व आफ्रिकेतील शेती तिच्यावर चालत आली आहे. आतिथ्य आणि श्रम यांचा हिशेब या म्हणीने किती नेमका मांडला आहे! पाहुण्याला घास नाकारावयाचा नाही; पण दुसऱ्याच्या श्रमावर कायमचे बसून खाण्याचा हक्क कोणालाही नाही.

आता ही म्हण इतिहासापुढे ठेवून पाहावी. १८८५ साली जर्मन सत्ता या भूमीवर पाहुणी म्हणून आली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत राहिली. तिच्या मागोमाग इंग्रज आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गेले. म्हणजे दोन दिवसांचा पाहुणाचार शहात्तर वर्षे चालला. या काळात पाहुण्याच्या हाती कुदळ कोणीही देऊ शकले नाही. उलट पाहुण्यानेच ती यजमानाच्या हाती दिली. १९०२ पासून आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात सरकारी हुकमाने कापसाचे सामाईक मळे सुरू करण्यात आले. वर्षातून २८ दिवस गावकऱ्यांनी त्यांवर राबावयाचे, आणि तेही नेमके स्वतःच्या शेतातील कामांच्या दिवसांत. मोबदला इतका तुटपुंजा की कित्येकांनी तो घेण्यासही नकार दिला.

जुलै १९०५ मध्ये मातुम्बी टेकड्यांतील शेतकऱ्यांनी कापसाची रोपे उपटली आणि ‘माजी माजी’ उठाव सुरू झाला. माजी म्हणजे पाणी. किंजिकितिले न्ग्वाले याने दिलेल्या मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचे पाणी होईल, अशी श्रद्धा होती. गोळ्यांचे पाणी झाले नाही. किंजिकितिले याला ऑगस्टमध्येच फाशी देण्यात आले. उठाव वीसहून अधिक जमातींत पसरला. जर्मन लष्कराने उभी पिके आणि धान्याची कोठारे जाळून तो मोडला. जर्मनांचा स्वतःचा अंदाज ७५ हजार मृत्यूंचा होता. नंतरच्या इतिहासकारांनी उपासमारीचे बळी धरून हा आकडा अडीच ते तीन लाखांपर्यंत नेला आहे. सोंगेया येथे १९०६ साली साठांहून अधिक न्गोनी पुढारी व योद्धे फासावर चढविले गेले. त्यांत सोंगेया म्बानो हेही होते, आणि त्यांचेच नाव त्या गावाला मिळाले आहे.

‘पाहुणा आणि कुदळ’ ही म्हण आज आतिथ्यशीलतेचा गोड नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्या शेजारी हे फास ठेवले तर तिची गोडी टिकणार नाही. पण तिचा अर्थ मात्र तेव्हाच कळू लागेल.

राज्यकर्त्याची म्हण

एवढ्यावर थांबले तर सारा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे झाल्यासारखे होईल. समाजवाद्यांनी या प्रश्नाचा पुढचा भाग अधिक कठोरपणे तपासला पाहिजे, कारण ही म्हण समाजवादाच्या नावानेही उच्चारली गेली आहे. १९६२ साली ज्युलियस न्येरेरे यांनी ‘उजामा’ या आफ्रिकी समाजवादाची भूमिका मांडणाऱ्या आपल्या निबंधात हीच म्हण आधाराला घेतली. त्यांचे प्रतिपादन असे की, पारंपरिक समाजात प्रत्येक जण श्रमिक होता. आळशी बांडगुळाला तेथे प्रतिष्ठा नव्हती. आतिथ्य होते, पण ऐतखाऊपणा नव्हता. जमिनीवरील खाजगी मालकी ही परकी कल्पना आहे आणि समाजवाद शिकण्यासाठी आफ्रिकेने स्वतःच्या कुटुंबाकडे पाहावे. या भूमिकेची नैतिक उंची नाकारता येणार नाही. स्वतः साधेपणाने राहिलेल्या या नेत्याने १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात पुढाऱ्यांनाही बंधने घातली: त्यांनी कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, घरे भाड्याने देऊ नयेत, दोन पगार घेऊ नयेत. कुदळ वरच्यांच्याही हाती द्यावयाची, हा त्यामागील अर्थ होता.

पण म्हणीचा कस तिच्या उच्चाराने लागत नाही. सोंगेयाच्याच परिसरात, रुवुमा प्रांतात, लितोवा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी साठच्या दशकात स्वतःहून सामुदायिक शेती उभी केली होती. रुवुमा विकास संघ या नावाने ही गावे एकत्र आली. निर्णय सभेत होत, उत्पन्न वाटून घेतले जाई, संघाची स्वतःची पिठाची गिरणी होती, मुलांसाठी स्वतःची शाळा होती. ‘उजामा’ या शब्दाचे याहून प्रामाणिक रूप त्या देशात दुसरे क्वचितच असेल, आणि न्येरेरे यांनीही त्याचे कौतुक केले होते. सप्टेंबर १९६९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने हा संघ बरखास्त केला आणि त्याची मालमत्ता ताब्यात घेतली. कारण उघड होते. ही गावे प्रादेशिक अधिकाऱ्यांचे हुकूम मानीत नव्हती. आपल्या मसलती आपणच करीत होती.

जे स्वेच्छेने चालले होते ते मोडल्यावर चार वर्षांनी सक्ती आली. नोव्हेंबर १९७३ मध्ये खेड्यांत एकत्र राहणे हा आदेश असल्याचे जाहीर झाले आणि १९७६ अखेरची मुदत ठरली. ग्रामीण माणसे विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नियोजित गावांत आणली गेली; काही ठिकाणी मागे वळू नयेत म्हणून त्यांची घरे जाळण्यात आली. सरकारी हिशेबाप्रमाणे १९७७ पर्यंत सुमारे एक कोटी तीस लाख लोक अशा गावांत राहत होते. शाळा, दवाखाने व पाणी यांचा विस्तार झाला आणि प्रौढ साक्षरतेने मोठी झेप घेतली, हे या राजवटीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु १९७४ आणि १९७५ च्या दुष्काळात धान्य आयात करावे लागले, आणि त्याचा दोष निसर्गाइतकाच सक्तीच्या स्थलांतरालाही जातो. शेतकऱ्याला आपली जमीन ठाऊक असते. नकाशावर गाव आखणाऱ्या अधिकाऱ्याला ती ठाऊक नसते.

येथे म्हण पुन्हा फिरली. स्वातंत्र्यापूर्वी ती पाहुण्याला लागू होती. आता ती राज्याच्या तोंडी आली आणि शेतकऱ्याला लागू झाली. जो पिढ्यान्‌पिढ्या कुदळ धरून होता त्यालाच कुदळ धर म्हणून सांगण्यात आले, आणि सांगणारे कार्यालयात बसले होते. समाजवादाचा पराभव शत्रूंनी केला तितकाच तो अशा ठिकाणी स्वतःच्या हातून झाला. १९८५ साली न्येरेरे राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाले आणि १९८६ साली टांझानियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. तिसरा पाहुणा आला तो कर्जाच्या अटी घेऊन.

माणसामुळे माणूस

दक्षिण आफ्रिकेतील ‘उबुंटू’चा प्रवास याहून वेगळा नाही. ‘उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु’, माणूस हा माणसांमुळे माणूस होतो, हे न्गुनी भाषांतील वचन. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात उबुंटूचा उल्लेख आला. १९९५ साली तेथील घटना न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी या तत्त्वाचा आधार घेतला. म्हण न्यायाच्या कामी येऊ शकते, याचा हा उत्तम दाखला आहे.

पण त्याच उबुंटूच्या नावाने सत्यशोधन व सामंजस्य आयोगापुढे पीडितांकडून क्षमेची अपेक्षा करण्यात आली. आयोगाने पीडितांसाठी भरपाईची आणि वर्णद्वेषी राजवटीत गबर झालेल्या उद्योगांवर संपत्तीकराची शिफारस केली. २००३ साली थाबो म्बेकी यांच्या सरकारने सुमारे २२ हजार पीडितांना प्रत्येकी ३० हजार रँड एकदाच देऊ केले आणि संपत्तीकर नाकारला. माणूस माणसांमुळे माणूस होतो, हे सत्य मुलगा गमावलेल्या आईला लागू झाले. खाणमालकाला लागू झाले नाही. पुढच्याच वर्षी, २००४ साली, ‘उबुंटू’ हे एका संगणकप्रणालीचे नाव झाले. ती प्रणाली मुक्त वाटपाची आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण जगातील बहुसंख्य शिक्षितांना आज हा शब्द तिच्यामुळेच माहीत असावा, ही बाब बोलकी आहे.

बाईची म्हण

आफ्रिकेच्या शहाणपणाचे गोडवे गाणारे आणखी एक गोष्ट टाळतात. या म्हणींच्या भांडारात स्त्रियांविषयीचा तिरस्कार मुबलक आहे. डच अभ्यासिका मिनेके स्किपर यांनी आफ्रिकेतील स्त्रीविषयक म्हणींचा संग्रह १९९१ साली प्रसिद्ध केला. मलावी व मोझांबिक भागातील सेना भाषेत ‘मोठ्या पावलांच्या बाईशी लग्न करू नये’ अशी म्हण आहे. मोठी पावले म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी, नवऱ्याच्या मापात न मावणारी बाई. मराठी वाचकाने याला हसण्यापूर्वी आपल्याकडील बायकांविषयीच्या आणि जातींविषयीच्या म्हणी आठवून पाहाव्यात. परंपरा म्हणून सारेच पवित्र मानले तर या म्हणीही पवित्र मानाव्या लागतील. आणि आफ्रिकेच्या कित्येक भागांत कुदळ बहुतांशी बाईच्याच हाती असते, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर ‘तिसऱ्या दिवशी कुदळ’ हा नियम घरातल्या पुरुषालाही लावावा लागेल.

बायकांनी मात्र या परंपरेला स्वतःचे उत्तर शोधले. स्वाहिली किनाऱ्यावर स्त्रिया ‘कांगा’ नावाचे छापील वस्त्र जोडीने वापरतात. त्याच्या काठाशी एक वाक्य छापलेले असते. सभेत बोलण्याचा अधिकार नसलेली बाई नवऱ्याला, सासरच्यांना, शेजारणीला जे सुनवावयाचे ते या वाक्याने सुनविते. ‘जापो सिपाती, तामा सिकाती’, मिळत नसले तरी आशा सोडलेली नाही, हे असेच एक वाक्य. हिंदी महासागराच्या व्यापारात हे कापड भारतातूनही छापून जात असे. मोंबासातील भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांनी त्यावर स्वाहिली वचने छापण्याची प्रथा रुजविली, असे सांगितले जाते. कापड परके असले, छापणारे परके असले, तरी कोणते वाक्य कोणत्या दिवशी कोणासमोर पांघरावयाचे, हे बाई ठरविते. म्हण जिवंत असण्याची खूण हीच. ती कोणाला तरी उद्देशून असते आणि ती वापरण्यात बोलणाऱ्याचा धोका असतो.

डाव्या वर्तुळांतील एक मत असे आहे की, म्हणी म्हणजे सरंजामी अवशेष. त्या सोडून द्याव्यात आणि शास्त्रीय परिभाषा वापरावी. हे मतही टिकणारे नाही. रुवुमाच्या शेतकऱ्यांना परिभाषेची अडचण नव्हती, सत्तेची होती. लोक ज्या शब्दांत विचार करतात ते शब्द सत्ताधाऱ्यांच्या आणि जाहिरातदारांच्या हाती सोपवून लोकांचे राजकारण करता येत नाही. मात्र ते शब्द वापरताना त्यांचा वाद जिवंत ठेवावा लागतो. ‘हत्ती झुंजतात तेव्हा गवत तुडवले जाते’ ही स्वाहिली म्हण शीतयुद्धाच्या काळापासून दैवगतीसारखी सांगितली गेली. कांगोत १९६१ साली पॅट्रिस लुमुम्बा यांची हत्या झाली. अंगोलात १९७५ ते २००२ युद्ध चालले. त्या देशांतील माणसे गवत नव्हती. त्यांना पक्ष होते, मागण्या होत्या, आणि हत्तींना कोण पोसते हेही त्यांना ठाऊक होते. म्हण ऐकून सुस्कारा टाकणे हे हत्तींच्याच सोयीचे आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर सोंगेया येथे गेले आणि १९०५ ते १९०७ मधील अत्याचारांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. सोंगेया म्बानो यांची कवटी जर्मनीत नेली गेली असे त्यांचे वंशज सांगत आले आहेत. तिचा शोध घेण्याचे आश्वासनही देण्यात आले. क्षमायाचनेचे मोल कमी लेखू नये. परंतु जाळलेल्या कोठारांचा हिशेब त्या भाषणात नव्हता. पाहुणा शतकानंतर परत आला, दारात उभा राहिला आणि चांगले बोलला. त्याच्या हाती कुदळ द्यावयाची की नाही, हा प्रश्न त्या गावाने विचारावयाचा आहे, आणि तो विचारला जाईल तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणे हे इतरांचे काम आहे.

तोवर एवढे तरी करता येण्यासारखे आहे. आफ्रिकेतील म्हण सांगणाऱ्याने ती कोणत्या भाषेची ते सांगावे. ती कोणत्या तंट्यात, कोणी, कोणाला सुनावली ते शोधावे. आणि ती सांगताना कुदळ आपल्या हाती आहे की दुसऱ्याच्या, हे एकदा खाली पाहून घ्यावे.